सूप कुणाच्या हातात

लातूरला मी अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. ह्या गावात जीवशास्त्र शिकवणं म्हणजे गंजगोलाईच्या बाजारात कापड विकणं. गिऱ्हाईक कधी तुटत नाही. पोरं कुठून कुठून येतात, मेसचं पाणचट वरण खातात आणि डॉक्टर व्हायचं म्हणून पाठ करत सुटतात. त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे ‘साठी’.

‘जिराफाची मान उंच झाडांचा पाला खाण्यासाठी लांब झाली.’ असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. अरे बाबा, जिराफाला कुणी विचारलं होतं का, तुला पाला खायचाय का म्हणून? काहींची मान लांब होती, काहींची आखूड. आखूड मानेचे उपाशी मेले, लांब मानेचे उरले, त्यांना पिल्लं झाली. झालं. ‘साठी’ नाही, ‘मुळे’. ‘साठी’ ही चपलेबरोबर दाराबाहेर काढून यायची, असं मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो. पोरं माझ्या माघारी मला ‘साठी सर’ म्हणतात. वयही तिकडंच चाललंय, आणि साठी बुद्धी नाठी हेही त्यांना घरून माहीत असतं, तेव्हा नाव काही वाईट नाही.

आमच्या कॉलेजात एक तत्त्वज्ञानाचे सर आहेत. त्यांच्या विषयाला आता विद्यार्थी नाहीत, म्हणून त्यांना परीक्षेचं सुपरव्हिजन आणि झेंडावंदनाची तयारी दिलेली असते. आम्ही दोघं गेटसमोरच्या टपरीवर रोज चहा पितो आणि भांडतो. ते म्हणतात, “तुम्ही जीवशास्त्रवाले ‘कसं’ ते छान सांगता. ‘का’ विचारलं की घंटा झाली म्हणून वर्गाबाहेर पडता.” मी म्हणतो, ‘का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ते म्हणतात, “प्रश्न चुकीचा असता तर माणसाला पडला नसता. तुमच्याच हिशेबानं, ज्यांना तो पडला नाही ते मेले आणि पडला ते उरले असतील.” मग मी चिडतो आणि चहाचे पैसे त्यांना द्यायला लावतो.

ते भूकंपाच्या पट्ट्यातले. भूकंप झाला तेव्हा ते शिकायला बाहेर, होस्टेलवर होते. घरचं कुणीच राहिलं नाही. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, देवानं तुला कशासाठी तरी ठेवलंय बघ. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, बिस्कीट चहात बुडवता बुडवता. म्हणाले, “मला कुणी ठेवलं नाही. मी उरलो. ठेवणं आणि उरणं यात फरक आहे, आणि तो फरक समजून घ्यायला मी हा विषय घेतला.”

“मग समजला का?”

“पगार चालू झाला.”

मला ते उत्तर फार आवडलं होतं. ‘उरलो, ठेवलं नाही’ हे मी नंतर वर्गातही वापरायला लागलो. कुणाचं ते सांगत नाही.

आता दुसरा शब्द. ‘नैसर्गिक निवड’. पुस्तकात छापलेला आहे, परीक्षेत हमखास येतो, मीच फळ्यावर लिहितो, त्यामुळे त्याच्यावर काट मारता येत नाही. पण ज्यानं कुणी हे भाषांतर केलं, त्याच्या घरी तांदूळ निवडत नसावेत. आमच्या घरात निवडणं म्हणजे एकच गोष्ट. माय.

आमचं गाव लोह्याजवळ, नांदेडच्या रस्त्याला. घर लिंगायताचं, शेती घरचीच, आणि निवडायचं काम कायम मायकडं. उंबऱ्याच्या आत, उजेड पडेल अशी ती बसायची. मांडीवर सूप, सुपात ज्वारी नाहीतर तूर. बोटं चालू राहायची आणि तोंडही चालू राहायचं. सुनेला, शेजारच्या कोंबडीला, रस्त्यानं जाणाऱ्याला, सगळ्यांना त्यातच बोलणं व्हायचं. धान्य पुढं सरकायचं आणि खडा डावीकडं भिरकावला जायचा. मी लहान असताना समोर बसून सुपात हळूच बोट ठेवायचो. ती न बघता ते चिमटीत धरायची, उचलायची आणि “अगं बाई, केवढा मोठा खडा!” म्हणून डाव्या अंगाला टाकून द्यायची. मी परत ठेवायचो. ती परत टाकायची. एवढाच खेळ. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पाठीत धपाटा बसायचा, कारण स्वयंपाक खोळंबलेला असायचा.

मी नोकरीला लागल्यावर तिनं एकदा विचारलं, तू पोरांना शिकवतोस तरी काय. तेव्हाही ती निवडतच होती. मी म्हटलं, तू करतीस तेच. आणि मोठ्या हौसेनं तिला नैसर्गिक निवड समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतलं, आणि विचारलं, “मग सूप कुणाच्या हातात हाय?”

“कुणाच्याच नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे निवडणारं कुणी नाही. जे टिकत नाही ते जातं, टिकतं ते राहतं. आपोआप.”

“आपोआप होतंय त्याला निवडणं कशाला म्हणावं? त्याला सांडणं म्हणावं.”

मी तिला म्हटलं, शब्द चुकला म्हणून गोष्ट चुकत नाही. ती म्हणाली, शिवाच्या हातात हाय सूप, तुमच्या पुस्तकात छापायचं राहून गेलं असंल. मी म्हटलं, शिवाच्या हातात असतं तर साप कशाला उरले असते. ती म्हणाली, सापाला विचार. तिथं ते भांडण संपलं. म्हणजे संपलं नाही, वर्षानुवर्षं चाललं. मी घरी आलो की पाणी देतानाच विचारायची, “घावला का सूपवाला?” मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, “हुडक की मग. पगार घेतोस ना?”

मागच्याच्या मागच्या वर्षी ती आजारी पडली. ताप, थंडी, लघवीला जळजळ. हे तिला मधून मधून होतच असायचं. साखर होती. गावातल्या मेडिकलवरून भाऊ गोळ्या आणायचा. ती दोन दिवस घ्यायची, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवून द्यायची. वाया कशाला घालवायच्या? पुढच्या खेपेला त्यातल्याच काढायची. शेजारणीला ताप आला तर तिलाही द्यायची. मी फोनवर ओरडायचो, अर्धवट घेऊ नको, पूर्ण घे नाहीतर अजिबात घेऊ नको. ती “हाव, हाव” म्हणायची. मायच्या ‘हाव’चा अर्थ ‘न्हाई’ असतो हे आमच्या घरात मांजरालाही माहीत होतं.

ह्या वेळी ताप उतरेना. भावानं नांदेडला दवाखान्यात नेलं. मी लातूरहून अहमदपूर, लोहा करत पोचलो. बस आमच्या गावच्या फाट्यावरून पुढं गेली तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं, पण मी खिडकीतून सोयाबीनची उंची बघत होतो. डॉक्टर तरुण होता. लातूरलाच शिकला होता, माझ्या वर्गात नाही, पण मला ओळखत होता. त्यानं तपासणीचा कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, “सर, तुम्हाला काय सांगायचं.” कागदावर औषधांची नावं होती आणि जवळजवळ सगळ्यांपुढं एकच अक्षर. त्या जंतूंवर ती औषधं चालत नव्हती. एक उरलं होतं. तेही किडनीला जड, आणि लागू पडेलच असं नाही.

मला काय सांगायचं, हे खरंच होतं. मी हे किती वर्षं शिकवतोय. औषध आलं की दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात, चिवटांची पिल्लावळ वाढते. पेपरात आलं तर पैकीच्या पैकी मार्क द्यावेत असं उदाहरण माझ्या मायच्या पोटात तयार झालेलं होतं. मी मान हलवली आणि डॉक्टरला विचारलं, कॅन्टीन कुठंय. भूक नव्हती. पण दुसरा कुठला प्रश्न आठवेना.

पहिले काही दिवस ती शुद्धीवर होती. वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली होती. दुपारी भाऊ डबा आणायला गेला की आम्ही दोघंच असायचो.

“काय झालंय रे मला? डाक्टर तुलाच सांगायलाय. दुखतंय मला आन् सांगतो तुला.”

मी तिला सांगितलं. खोटं बोलायला पाहिजे होतं असं लोक नंतर म्हणाले, पण मला तेव्हा खोटं सुचण्याइतकीसुद्धा हुशारी उरली नव्हती. म्हटलं, तुझ्या अंगातले जंतू औषधाला दाद देत नाहीत.

“निबर झाले म्हण की. फवारून फवारून बोंडातली अळी होती तसं.”

“निबर झाले नाहीत, माय. निबर होते तेच उरले. मऊ होते ते तुझ्या गोळ्यांनी मेले.”

म्हणजे तिच्या उशाशीसुद्धा मी वर्गच घेत होतो. तिनं छताकडं बघितलं. वर पंखा होता, एका पात्याला जाळं लागलेला, आणि मला त्या जाळ्याचा राग येत होता. मायसाठी काही वाटत नव्हतं आणि जाळ्याचा राग येत होता, हे माझं मलाच कळत होतं.

“म्हंजे मीच बियाणं धरलं त्यांचं,” ती म्हणाली. “चांगली चांगली कणसं ठेवावीत बियाण्याला, तसं.”

मी ‘नाही’ म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, “तसं मुद्दाम काही नसतं. कुणी धरत नाही. होतं ते.”

“मला तरी कोनं निवडलं मग? गल्लीतल्या समद्या बाया त्याच मेडिकलच्या गोळ्या खात्यात. त्या फिरायल्यात की चांगल्या.”

“तुला कुणी निवडलं नाही, माय.”

“कुनी न्हाई?”

“कुणीच नाही.”

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मला वाटलं, पटलं. आत्ता कळतंय की तिला पटवून घ्यायचं नव्हतंच. माझ्या तोंडून एकदा तरी काहीतरी दुसरं ऐकायचं होतं. शिवानं म्हटलं असतं तरी चाललं असतं, नशिबानं म्हटलं असतं तरी. पण ‘कुणीच नाही’ हेच माझ्या जिभेवर तयार होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, “तू जेवलास का?” मी म्हटलं, जेवलो. जेवलो नव्हतो.

शेवटचं औषध सुरू केलं. मी तत्त्वज्ञानाच्या सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. म्हटलं, पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे सर, अगदी तंतोतंत. मला ते काहीतरी म्हणावेत असं फार वाटत होतं. उरणं आणि ठेवणं, काहीही. ते एवढंच म्हणाले, “मी येऊ का?” मी म्हटलं, कशाला. ते म्हणाले, “कशासाठी नाही. नुसतं येतो.” मी नको म्हटलं.

औषध लागू पडलं नाही. तिला आत, आयसीयूत हलवलं. सिस्टरनं गळ्यातलं इष्टलिंग काढायला सांगितलं, नळ्या लावायच्या होत्या. आमच्यात ते अंगावेगळं करत नाहीत. जन्मल्यावर बांधतात आणि मातीतसुद्धा सोबतच जातं. मी ते काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि दिवसभर खिसा चाचपत राहिलो. माझा विश्वास नाही, तरी चाचपत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत सोडलं तेव्हा तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती कुणाकडं बघत नव्हती. आणि तिची बोटं चालू होती. पांघरुणावर, पोटाच्या वर. अंगठा आणि पहिलं बोट, चिमटी करायची, काहीतरी उचलायचं, बाजूला टाकायचं, परत चिमटी. मला वाटलं, लिंग शोधतीये. मी खिशातून काढलं, सिस्टरच्या हातापाया पडून मायच्या दंडाला बांधलं. बोटं थांबली नाहीत.

मी डॉक्टरला विचारलं. तो हळू आवाजात म्हणाला, “मेंदूवर परिणाम झालाय, सर. अशा पेशंटमध्ये दिसतं हे. चादर चिमटत राहतात. त्याला अर्थ काही नसतो. आपोआप होतं.”

आपोआप. माझाच शब्द, माझ्याच लातुरात शिकून आलेल्या पोराच्या तोंडून.

मी खाटेशी उभा राहून बघत होतो. धान्य पुढं, खडा डावीकडं. तीच लय, तोच मनगटाचा झटका. सूप नव्हतं. ज्वारी नव्हती. डॉक्टरच्या म्हणण्याप्रमाणं ती स्वतःही तिथं नव्हती. निवडणारी नव्हती आणि निवडणं चालू होतं. निवडणाऱ्याशिवाय निवड असते, हे मी किती पोरांना पटवलं असेल. ते इतकं स्वच्छ, डोळ्यांसमोर, मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मी शिकवत होतो ते खरं होतं. आणि मला ते खरं नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला ते मनापासून नको होतं.

ती त्यानंतरच्या सकाळी गेली. सांगून टाकतो, उगीच वाट बघायला नको. गावी नेली, आमच्या रीतीप्रमाणं बसवून माती दिली, लिंग हातात. लोक म्हणाले, शिवानं नेलं. मी मान हलवली. तत्त्वज्ञानाचे सर न बोलावता आले होते. शेताच्या बांधावर उभे राहिले, शेवटच्या बसनं परत गेले. मी रडलो नाही. आठवड्यानं वर्गावर गेलो, फळ्यावर ‘नैसर्गिक निवड’ लिहिलं, पोरांनी वहीत उतरवून घेतलं. एकानं जिराफाच्या उत्तरात ‘साठी’ लिहिली होती, त्याच्यावर काट मारली. हात नीट चालला. अजूनही चालतो.

फक्त त्या दुपारचं एक राहिलं. ते मी सरांनाही सांगितलेलं नाही.

भेटायची वेळ संपली, सिस्टर “चला” म्हणाली. मला काय झालं कुणास ठाऊक. मी वाकलो आणि पांघरुणावर, जिथं तिची बोटं चालली होती तिथं, माझं बोट ठेवलं. बोट जाडजूड झालंय आता, नखात खडू. तिची चिमटी आली. थांबली. बोट धरलं, जरासं उचललं आणि डावीकडं टाकलं.

तोंडातून काही आलं नाही. डोळे हलले नाहीत. आपोआप झालं असेल. वाटेत काही आलं की बोटं उचलतात, टाकतात. डॉक्टर बरोबरच सांगत होता, आणि कुठल्या पोरानं विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

सिस्टर परत म्हणाली, “काका, चला ना.”

मी बोट परत ठेवलं.